गिऱ्हाईक गेलं, चेक आला

जुलै २०१८ मध्ये एक मालवाहू जहाज चीनच्या किनाऱ्याकडे जिवाच्या आकांताने धावत होतं. नाव 'पीक पेगासस'. पोटात अमेरिकेतलं सत्तर हजार टन सोयाबीन, किंमत सुमारे दोन कोटी डॉलर. सिएटलहून निघालेल्या या जहाजाला ६ जुलैला दुपारच्या आत दालियान बंदर गाठायचं होतं, कारण त्या दुपारपासून चीन अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावणार होता. चीनमधले लाखो लोक इंटरनेटवर या शर्यतीकडे डोळे लावून बसले होते. जहाज काही तासांनी हुकलं. मग महिनाभर ते दालियानसमोरच्या समुद्रात घिरट्या घालत राहिलं. ऑगस्टमध्ये कधीतरी माल उतरला.

व्यापारयुद्ध म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हे जहाज येतं. त्या सोयाबीनने काय गुन्हा केला होता? ज्या शेतकऱ्याच्या शेतातून ते आलं, त्याने चीनशी कोणता तंटा मांडला होता? भांडण होतं पोलादाचं, ॲल्युमिनियमचं, तंत्रज्ञानाच्या चोरीचं, पेटंटचं. अमेरिकेने चीनच्या कारखान्यांतल्या मालावर शुल्क लावलं, चीनने उलटा वार केला तो शेतमालावर. हे आंधळेपणाने झालं नव्हतं. शेतमाल हा व्यापारातला सगळ्यात सोपा बकरा असतो. एका देशाचं सोयाबीन आणि दुसऱ्या देशाचं सोयाबीन यांत गिरणीला फारसा फरक नसतो. विमान किंवा मायक्रोचिप दुसरीकडून आणायला वर्षं लागतात, दाणे दुसऱ्या बंदरातून आणायला एक फोन पुरतो. शिवाय ज्या राज्यांत सोयाबीन पिकतं, तिथली मतं सत्ताधाऱ्यांना हवी असतात, हेही बीजिंगला पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेच्या सोयाबीनचं चीनमधलं गिऱ्हाईक कोणी जमवलं, हे आधी सांगायला हवं. ते आपोआप आलं नव्हतं. अमेरिकन सोयाबीन असोसिएशनने १९८२ मध्ये बीजिंगला कार्यालय उघडलं. तेव्हा चीन सोयाबीन विकत घेणारा देशसुद्धा नव्हता. तिथल्या डुक्कर आणि कोंबडीपालकांना सोयापेंडीचं खाद्य कसं द्यायचं, किती द्यायचं, हे दाखवत ही माणसं वर्षानुवर्षं फिरली. पुढे अशा कामासाठी शेतकऱ्यांनी प्रत्येक विक्रीतून अर्धा टक्का रक्कम बाजूला काढायची, असा कायदाच झाला. म्हणजे प्रत्येक शंभर डॉलरच्या विक्रीमागे पन्नास सेंट बाजार उभा करायला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चीन आयातीकडे वळला, २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला आणि जगाच्या बाजारात येणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून अधिक एकटा घेऊ लागला. २०१६ मध्ये अमेरिकेने चीनला साडेतीन कोटी टनांहून अधिक सोयाबीन विकलं. ही पस्तीस वर्षांची मशागत होती. मोडायला एक दुपार पुरली.

आकडे बोलके आहेत. २०१७ मध्ये चीनला गेलेलं अमेरिकी सोयाबीन सुमारे १२ अब्ज डॉलरचं होतं. २०१८ मध्ये ते ३ अब्ज डॉलरच्या आसपास आलं. अमेरिकी कृषी खात्याच्याच अभ्यासाप्रमाणे २०१८ च्या मध्यापासून २०१९ च्या अखेरपर्यंत प्रतिशुल्कामुळे शेतमालाच्या निर्यातीचं नुकसान २७ अब्ज डॉलरहून जास्त झालं, आणि त्यातलं सत्तर टक्क्यांहून अधिक नुकसान एकट्या सोयाबीनचं होतं.

पण एकूण आकड्यात शेतकऱ्याचं दुखणं दिसत नाही, ते दिसतं नॉर्थ डकोटात. या राज्यातलं सोयाबीन पश्चिमेला, रेल्वेने पॅसिफिकच्या बंदरांवर जातं आणि तिथून थेट आशियात. त्यासाठी शंभर-शंभर डब्यांच्या गाड्या भरणारी धान्यकोठारं बांधली गेली, रुळांचे फाटे टाकले गेले. सत्तर टक्क्यांच्या आसपास माल एकट्या चीनला जायचा. २०१८ च्या काढणीला गाड्याच येईनात. शिकागोच्या वायदे बाजारात भाव पडला होताच, वसंतात बुशेलला दहा डॉलरच्या वर असलेलं सोयाबीन जुलैपर्यंत साडेआठच्या आसपास आलं होतं (सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे सुमारे सव्वासत्तावीस किलो). पण शेतकऱ्याला शिकागोचा भाव मिळत नाही. त्याला गावच्या कोठारावरचा भाव मिळतो, आणि या दोन भावांमधलं अंतर म्हणजे तिकडच्या भाषेत 'बेसिस'. नॉर्थ डकोटात हे अंतर नेहमीपेक्षा खूपच वाढलं. काही कोठारांनी तर खरेदीच थांबवली. मळणी होऊन ट्रॉल्या भरून उभ्या, आणि तराजूवरचा माणूस म्हणतो, जागा नाही. लोकांनी जमेल तिथे, पत्र्याच्या कणग्यांत आणि प्लॅस्टिकच्या लांबलचक पिशव्यांत माल साठवला. मिसिसिपी नदीजवळच्या शेतकऱ्याला निदान मेक्सिकोच्या आखातातल्या बंदरातून युरोपचं, मेक्सिकोचं गिऱ्हाईक होतं. डकोटावाल्याला जायला वाट नव्हती.

हंगामाचीही एक गोष्ट आहे, ती शहरातल्या वाचकाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेचं सोयाबीन सप्टेंबर ते नोव्हेंबरात निघतं, ब्राझीलचं फेब्रुवारीनंतर. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी ही अमेरिकेची खिडकी. त्या चार महिन्यांत माल गेला तर गेला. नंतर ब्राझीलचा ताजा, स्वस्त माल बंदरावर आला की कालच्या मालाला कोण विचारतो? राजकारणी म्हणतात, वाटाघाटी चालू आहेत, थोडं थांबा. त्या 'थोडं' मध्ये एक हंगाम संपतो, आणि शेतकऱ्याच्या उभ्या आयुष्यात असे हंगाम चाळीसच्या आसपास.

आता मदतीकडे येऊ. जुलै २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने १२ अब्ज डॉलरपर्यंतचं पॅकेज जाहीर केलं, मे २०१९ मध्ये आणखी १६ अब्ज. यातले सुमारे २३ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या खात्यांत गेले. पैसा आला १९३३ पासून चालत आलेल्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनकडून. हे महामंडळ ३० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज उचलू शकतं, आणि कृषी मंत्र्याला दर वेळी संसदेकडे जावं लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येईल.

पहिल्या वर्षी सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट मिळाले, मक्याला एक सेंट. मका उत्पादकाने शंभर बुशेल विकावेत आणि सरकारने त्याच्या हातावर एक डॉलर ठेवावा! सोयाबीनचा दर सगळीकडे सारखा: ज्याच्या दाराशी नदी आहे त्यालाही तोच आणि ज्याची गाडीच आली नाही त्यालाही तोच. शिवाय पैसे त्या वर्षी प्रत्यक्ष पिकलेल्या मालावर. म्हणजे ज्याचं पीक दुष्काळाने किंवा गारपिटीने गेलं, त्याची मदतही पिकाबरोबर गेली.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. पिकाऐवजी जिल्ह्यागणिक एकरी दर ठरला, १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. बांधाच्या या बाजूला एक दर, त्या बाजूला दुसरा. आणि घोषणा झाली कधी, तर ऐन पेरणीत. २०१९ चा वसंत अमेरिकेच्या मध्यभागात विलक्षण ओला होता, सुमारे १ कोटी ९० लाख एकर जमिनीत पेरणीच होऊ शकली नाही. शेतात गुडघाभर चिखल, एका हातात पीक विम्याचा कागद (पेरणी झाली नाही तर भरपाई) आणि दुसरीकडे सरकार सांगतं की मदत हवी तर पेरा, दर किती ते नंतर सांगू. त्या चिखलात ट्रॅक्टर घालायचा की नाही, याचा निर्णय माणसाने पावसाकडे आणि जमिनीकडे बघून घ्यायचा असतो. त्या वर्षी कित्येकांनी तो वॉशिंग्टनकडे बघून घेतला. माझ्या लेखी या मदतीने केलेलं हे पहिलं मोठं नुकसान. शेतकऱ्याची नजर तिने बाजारावरून आणि आभाळावरून काढून सरकारी घोषणेवर लावली.

मग प्रश्न येतो, पैसा शेवटी राहिला कोणाकडे. आयोवासारख्या राज्यात निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. मदत कसणाऱ्याच्या नावे आली हे खरं, पण पुढच्या हिवाळ्यात खंडाचा करार करायला बसल्यावर जमीनमालकालाही ठाऊक असतं की एकरी इतके डॉलर आलेत. भाव पडला म्हणून जो खंड खाली यायला हवा होता तो येत नाही. बियाणं, खत, औषधं यांच्या दरांचंही तेच. नुकसान कसणाऱ्याच्या हिशोबात राहतं आणि भरपाई त्याच्या हातून निसटून वर सरकते. त्यात २०१९ मध्ये मदतीची माणशी मर्यादा सव्वा लाख डॉलरवरून अडीच लाखांवर नेली. एका शेतीत भाऊ, पुतणे, चुलतभाऊ असे अनेक भागीदार दाखवता येतात, त्यामुळे मोठ्यांना मर्यादा अशी फारशी उरलीच नाही. एकरावर पैसे वाटले की ज्याचे एकर जास्त त्याचे पैसे जास्त, आणि त्याच पैशातून तो शेजारच्या अडचणीतल्या शेतकऱ्याची जमीन खंडाला उचलतो. २०१९ मध्ये कौटुंबिक शेतीसाठीच्या दिवाळखोरी कायद्याखाली ५९५ अर्ज दाखल झाले, आदल्या वर्षापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त. मदतीचा महापूर वाहत असतानाची ही गोष्ट आहे.

काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, सोयाबीनवाल्यांना खरं तर भावाच्या नुकसानीपेक्षा जास्तच मिळालं. भावापुरतं बोलायचं तर तसंही असेल. सगळा दोष व्यापारयुद्धाला देता येत नाही हेही मला मान्य आहे. ऑगस्ट २०१८ पासून चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवरने डुकरं मेली, पेंडीची गरजच घटली. चीनच्या व्यापारी वागणुकीबद्दलच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण माझा आक्षेप या सगळ्याच्या पलीकडचा आहे. भाव एका हंगामाचा असतो, तो भरून देता येतो. गिऱ्हाईक पिढ्यांचं असतं, आणि त्याची भरपाई करणारा चेक अजून कोणत्याही सरकारला लिहिता आलेला नाही.

हे नवं ज्ञान नाही. जून १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी देशांतर्गत पेंडीचे भाव आवरण्यासाठी सोयाबीनची निर्यातच बंद केली. पेरूच्या समुद्रातली अँकोव्ही मासळी कमी झाली होती, त्यामुळे पशुखाद्याची जगभर टंचाई होती. बंदी काही महिन्यांतच उठली. पण टोफू, मिसो आणि सोया सॉसवर जगणाऱ्या जपानने त्या काही महिन्यांत जो धडा घ्यायचा तो घेतला. एकाच विक्रेत्याच्या भरवशावर राहायचं नाही. १९७९ पासून दोन दशकं जपानने ब्राझीलच्या सेराडो पठारावर शेती उभी करायला पैसा आणि तज्ज्ञ पुरवले. ती लाल, आम्लधर्मी, कशालाच उपयोगी नाही म्हणून सोडलेली जमीन. तिथे चुना टाकून टाकून माती सुधारली. ब्राझीलच्या एम्ब्रापा या संशोधन संस्थेने उष्ण कटिबंधात तग धरतील असे वाण काढले. आज जगात सर्वात जास्त सोयाबीन पिकवणारा आणि विकणारा देश ब्राझील आहे. ते श्रेय ब्राझीलच्या शेतकऱ्यांचं आणि शास्त्रज्ञांचं आहे, यात शंका नाही. पण दार उघडून दिलं वॉशिंग्टनने.

तरी शहाणपण आलं नाही. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत घुसखोरीची शिक्षा म्हणून अध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला जाणारं १ कोटी ७० लाख टन धान्य अडवलं. अर्जेंटिनाने ती जागा भरली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून हलल्या नाहीत. एप्रिल १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी बंदी उठवली. त्यानंतरच्या दशकात अमेरिकी शेतीवर जे संकट कोसळलं त्याला चढे व्याजदर, महाग डॉलर, डोक्यावरचं कर्ज अशी अनेक कारणं होती. पण त्या पिढीतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बंदीचं नाव राहिलं, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. १९३० चा स्मूट-हॉली शुल्ककायदा तर मुळात शेतकऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून सुरू झाला होता. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना सही करू नका म्हणून विनवलं. सही झाली, इतर देशांनी उलट शुल्क लावलं, आणि महामंदीत आधीच खचलेल्या शेतमालाची विदेशातली दारंही मिटत गेली.

२०१८ नेही तेच केलं. त्या वर्षी चीनने ब्राझीलकडून सुमारे ६ कोटी ६० लाख टन सोयाबीन घेतलं, आपल्या एकूण आयातीच्या तीन चतुर्थांश. त्या मागणीच्या भरवशावर ब्राझीलमध्ये नवे रस्ते झाले, नदीकाठी धक्के झाले, जमिनी मोकळ्या झाल्या. शेतीखाली आलेली जमीन आणि बांधलेलं बंदर वाटाघाटी यशस्वी झाल्या म्हणून मागे जात नाही. जानेवारी २०२० मध्ये अमेरिका आणि चीनने पहिल्या टप्प्याचा करार केला, चीनने २०१७ च्या खरेदीवर आणखी २०० अब्ज डॉलरची, सगळ्या प्रकारच्या अमेरिकी माल-सेवांची खरेदी दोन वर्षांत करायचं कबूल केलं. ती कधीच पूर्ण झाली नाही.

इथे मला नेमकं काय म्हणायचं आहे ते सांगतो. मदत पॅकेज ही व्यापारयुद्धाच्या जखमेवरची मलमपट्टी आहे असं सगळे समजतात. मी म्हणतो, ते युद्धाच्या खर्चाचाच एक भाग आहे, बंदुकीत घातलेल्या दारूइतकाच. लोकशाहीत असं युद्ध थांबतं कधी? ज्यांचं नुकसान होतं ते ओरडतात तेव्हा. अमेरिकेत हा ओरडा करायची ताकद ज्यांच्यात होती, त्यांत धान्य पिकवणारी राज्यं पुढे होती. त्यांचा आवाज संसदेत पोचण्याआधीच खात्यात पैसे पोचले, तेही संसदेला न विचारता. युद्ध पुकारणाऱ्याला मग थांबायचं कारण काय? शुल्क परदेशी भरतात असं सभांमधून सांगितलं गेलं. प्रत्यक्षात आयातशुल्क भरतो तो माल मागवणारा देशातलाच व्यापारी, आणि पोलाद महागलं की त्याचा भार शेवटी धान्याच्या कणगीवर आणि पेरणीयंत्रावर येतो. म्हणजे शेतकऱ्याने आधी गिऱ्हाईक गमवायचं, मग महाग यंत्र घ्यायचं, आणि नंतर चेकबद्दल आभार मानायचे.

'त्यांनीच या सरकारला मतं दिली, आता भोगू द्या' असं म्हणणारेही भेटतात. मला ते माणुसकीचं वाटत नाही आणि तर्काचंही नाही. सरकारने स्वतःच्या निर्णयाने एखाद्याची रोजीरोटी मोडली तर भरपाई हा त्याचा हक्क आहे, मत कोणालाही दिलेलं असो. धरणासाठी जमीन घेतली की मोबदला देतात, तो उपकार म्हणून नव्हे. माझी तक्रार मदत दिली याबद्दल नाही. ती उपकारासारखी, निवडणुकीच्या पंचांगाकडे बघत, मंत्र्याच्या मर्जीने आणि एकराच्या मापाने दिली, याबद्दल आहे.

शुल्क लावायचं असेल तर त्याच ठरावात लिहा, उलटा वार कोणत्या पिकावर येईल, कोणाचं किती नुकसान होईल, ते कोण भरून देईल. संसदेत त्यावर मत घ्या. मदत जाहीर भावावर नको, गावच्या कोठारावर प्रत्यक्ष मिळालेल्या भावाच्या तुटीवर द्या. कसणाऱ्याला द्या, आणि माणशी मर्यादा खरोखरची ठेवा. असं केलं तर कित्येक शुल्कं मुळात लागणारच नाहीत, कारण त्यांची खरी किंमत सही करण्याआधीच कागदावर दिसेल.

२०२५ मध्ये हे सगळं पुन्हा घडलं. चीनने मार्चमध्ये अमेरिकी सोयाबीनवर पुन्हा जादा शुल्क लावलं, आणि सप्टेंबरात अमेरिकेतून सोयाबीनचा एक दाणाही चीनमध्ये उतरला नाही. नोव्हेंबर २०१८ नंतर असं पहिल्यांदाच झालं. त्याच सप्टेंबरात, ऐन मळणीच्या दिवसांत, अमेरिका अर्जेंटिनाच्या चलनाला सावरायला २० अब्ज डॉलरची सोय जाहीर करत होती, आणि त्याच आठवड्यात अर्जेंटिनाने धान्यावरचा निर्यातकर तात्पुरता काढला. चिनी खरेदीदारांनी लगेच जहाजंच्या जहाजं सोयाबीन तिथून उचललं. इलिनॉयमधल्या शेतकऱ्याने मळणीयंत्राच्या केबिनमध्ये रेडिओवर ही बातमी ऐकली असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल?

ऑक्टोबरअखेर दक्षिण कोरियातल्या बुसानला अमेरिका आणि चीनचे अध्यक्ष भेटले. चीनने वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि २०२६ पासून तीन वर्षं दरसाल अडीच कोटी टन घेण्याचं मान्य केल्याचं अमेरिकेने सांगितलं. मोठा विजय म्हणून ते साजरं झालं. पण २०१६ मध्ये कोणताही करार नसताना साडेतीन कोटी टनांहून जास्त माल जात होता. डिसेंबरात पुन्हा १२ अब्ज डॉलरचं पॅकेज आलं, त्यातले ११ अब्ज धान्य, तेलबिया आणि कापूस यांसारख्या पिकांना. ते बहुतेकांनी घेतलं असेल आणि घ्यायलाच हवं, कारण फेब्रुवारी-मार्चात बँकेत पीककर्जाचं नूतनीकरण करायला गेल्यावर अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो गेल्या वर्षीच्या शिल्लकीचा.

दुसरा प्रश्न तो विचारतो, यंदा काय पेरणार आणि कोणाला विकणार. बुसानचं आश्वासन २०२८ पर्यंतचं आहे. मळणीयंत्राचे हप्ते त्याच्या पुढे जातात, आणि जमिनीचं कर्ज तर पंचवीस-तीस वर्षांचं असतं.